फाइव्ह एस (५एस)

फाइव्ह एस : कामाची जागा लावण्याची आणि लावलेली टिकवण्याची जपानी कार्यपद्धती. सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सु आणि शित्सुके या पाच जपानी शब्दांच्या आद्याक्षरांवरून हे नाव पडले. नको ते काढणे, हवे ते जागेवर लावणे, झाडपूस करणे, या तिन्हींची रीत ठरवणे आणि ती अंगवळणी पाडणे, असा त्यांचा क्रम. मोटारींच्या कारखान्यांत ही पद्धत आकाराला आली. आज ती रुग्णालये, गोदामे आणि कचेऱ्यांतही वापरली जाते. पुष्कळ ठिकाणी तिला स्वच्छता मोहीम समजतात, आणि तिथेच ती फसते. काही बिघडले, हरवले किंवा जास्तीचे साठले तर ते कुणाच्याही चटकन नजरेत यावे, हा तिचा खरा हेतू.

‘सेइरी-सेइतोन’ ही जोडी जपानी कारखान्यांत आधीपासून रुळलेली होती. तिला धार आली ती टोयोटा कंपनीच्या अडचणीच्या काळात. १९५० साली कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. कामगारकपात आणि संप यांतून संस्थापक किइचिरो टोयोडा यांना अध्यक्षपद सोडावे लागले. तिथले अभियंते ताइइची ओनो (१९१२–१९९०) कमीत कमी साठ्यावर उत्पादन चालवण्याच्या खटपटीत होते. गोदाम भरलेले असले की एखादा सुटा भाग सापडला नाही तरी दुसरा उचलता येतो. साठाच नसेल तर तेवढ्यावरून लाइन थांबते. अव्यवस्था अशी थेट खर्चात दिसू लागली. वस्तू नुसत्या नीट ओळीत मांडणे म्हणजे कवायत, व्यवस्था नव्हे, असे ओनो बजावत. पुढे हिरोयुकी हिरानो आणि ताकाशी ओसादा यांच्या लेखनातून पाच पायऱ्यांची मांडणी जगभर पोहोचली. खुद्द टोयोटात बराच काळ चारच ‘एस’ मोजले जात.

पहिली पायरी, सेइरी, सर्वांत अवघड; कारण ‘असू दे, कधीतरी लागेल’ ही वृत्ती कुठल्याही देशातल्या कपाटात सापडते. तिच्यावरचा उपाय म्हणजे लाल चिठ्ठी, शॉपफ्लोअरच्या भाषेत रेड टॅग. ज्या वस्तूविषयी शंका आहे तिला चिठ्ठी लावायची. तिच्यावर नाव, संख्या, तारीख आणि शंकेचे कारण लिहायचे. मग वस्तू आखून दिलेल्या वेगळ्या जागेत हलवायची. ठरलेल्या मुदतीत कुणी मागितली नाही तर ती दुसऱ्या विभागाला, विक्रीला किंवा भंगारात जाते. ही पायरी गाळून थेट मांडणीला हात घातला तर अडगळच सुबक रचली जाते.

सेइतोनचा नियम तीन शब्दांत सांगतात : ठरलेली जागा, ठरलेली वस्तू, ठरलेली संख्या. याचे नेहमीचे उदाहरण म्हणजे हत्यारांचा शॅडो बोर्ड. फळीवर प्रत्येक पान्याची, पकडीची, हातोडीची बाह्याकृती रंगवलेली असते. बारा नंबरचा पाना कुणी नेला तर त्याची रिकामी आकृती लगेच दिसते. यादी काढून मोजणी करावी लागत नाही. सुट्या भागांच्या ट्रेवर कमाल आणि किमान पातळीच्या रेघा असतात. माल खालच्या रेघेला टेकला की मागणी जाते. सतत लागणारी वस्तू हाताशी, जड वस्तू कमरेच्या उंचीला, क्वचित लागणारी लांब. यात शास्त्र फारसे नाही. मात्र जागा ठरवताना ते काम रोज करणाऱ्या माणसाला विचारावे लागते, आणि अनेक कंपन्या नेमके तेच विसरतात.

सेइसो म्हणजे झाडपूस, पण तपासणीच्या नजरेने. यंत्र पुसणाऱ्याच्या हाताला सैल बोल्ट, तेलाची गळती, तडा आधी लागतो. निप्पोनडेन्सो कंपनीमुळे १९७१ पासून नावारूपाला आलेल्या टीपीएम या देखभाल पद्धतीतही हाच विचार आहे. आपल्याकडे खंडेनवमीला यंत्रे घासूनपुसून पुजतात. सेइसोची अपेक्षा तेच पुसणे रोज, शिफ्ट संपण्याआधी करण्याची. उरलेल्या दोन पायऱ्यांवर पुस्तकांत पाने पुष्कळ, सांगण्यासारखे थोडे : कोणी, कधी, काय करायचे ते लिहून ठेवणे आणि वरिष्ठांनी स्वतः पाळून दाखवणे. काही कारखाने सुरक्षिततेचा सहावा ‘एस’ जोडतात.

कारखान्यांबाहेरचे ठळक उदाहरण श्रीलंकेचे. कोलंबोतील कॅसल स्ट्रीट महिला रुग्णालयाने औषधे, नोंदी आणि वॉर्डांची मांडणी या पद्धतीने बदलली. परदेशांना विकासासाठी मदत करणाऱ्या जपानच्या जायका या सरकारी संस्थेने पुढे तोच अनुभव आफ्रिकेतील अनेक देशांच्या सरकारी रुग्णालयांत नेला. उलट उदाहरण ब्रिटनचे. तिथल्या करखात्यात २००७ च्या सुमारास टेबलांवर पेन आणि स्टेपलरच्या जागा टेपने आखल्या गेल्या. समोरचे केळे ‘सध्या वापरात’ आहे की नाही इथपर्यंत चर्चा गेल्याचे वृत्तपत्रांत आले आणि कर्मचारी संघटनेने विरोध केला. एकाच माणसाच्या टेबलावर त्याचाच स्टेपलर शोधण्यात वेळ जात नसतो, एवढे तरी आखणाऱ्यांनी पाहायला हवे होते.

महाराष्ट्रात पिंपरी-चिंचवड, चाकण, वाळूज, नाशिक या पट्ट्यांत जमिनीवरचे पिवळे पट्टे आणि मराठी फलक यांमुळे फाइव्ह एस कामगारांच्या ओळखीचे आहे. मोठ्या वाहन कंपन्या आपल्या पुरवठादारांचे ऑडिट करतात, त्यामुळे लहान वर्कशॉपलाही ते टाळता येत नाही. ऑडिटच्या आदल्या दिवशी रंगाचे डबे येतात, ही तक्रार खोटी नाही. पण लहान उद्योजकाची खरी अडचण पहिल्याच पायरीवर असते. रॅकवर धूळ खात पडलेल्या जुन्या डाय, म्हणजे सुटे भाग घडवण्याचे साचे, बहुधा ग्राहक कंपनीच्या मालकीच्या असतात. मॉडेल बंद झाले तरी त्या कंपनीच्या लेखी परवानगीशिवाय त्या मोडीत काढता येत नाहीत, आणि परवानगी येईपर्यंत लाल चिठ्ठीसकट त्या तिथेच जागा अडवून बसतात.