डॉकिंग आणि सिम्युलेशन: एक दुसऱ्याचा पुरावा नाही

नागपुरात एम.फार्म.चे प्रबंध वाचताना शेवटच्या प्रकरणात एक वाक्य हमखास भेटतं: ‘डॉकिंगचा निष्कर्ष 100 नॅनोसेकंदांच्या सिम्युलेशनने सिद्ध झाला.’ कॅन्सरवरच्या औषधाबद्दल कुणी असं लिहिलं की फार खटकतं, कारण असं काही सिद्ध झालेलं नसतं. डॉकिंग म्हणजे औषधाचा रेणू प्रथिनात कसा बसेल याचा संगणकावरचा अंदाज; सिम्युलेशन म्हणजे त्यांच्या अणूंची हालचाल संगणकावर क्षणाक्षणाने चालवून पाहणं.

डॉकिंग तुम्हाला येतंच: पीडीबी या प्रथिन-रचनांच्या साठ्यातून प्रथिन उतरवायचं, पाणी काढायचं, रेणूची जागा शोधायची चौकट (ग्रिड बॉक्स) मांडायची, व्हिना हे डॉकिंगचं सॉफ्टवेअर चालवायचं. फक्त तिने दिलेल्या -9.1 आणि -9.6 या गुणांत (जितका उणे तितकी पकड घट्ट) डावं-उजवं करू नका. व्हिना तयार करणाऱ्यांनीच 2010 साली तिची प्रमाण चूक सुमारे 2.85 किलोकॅलरी प्रति मोल सांगितली होती, आणि 1.4 किलोकॅलरीत बंधनाची ताकद दहापट बदलते. अर्ध्या गुणाच्या फरकावर ‘सर्वोत्तम रेणू’ निवडणं मला मान्य नाही. सिम्युलेशनला ग्रोमॅक्ससारखं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, जीपीयू (ताकदवान ग्राफिक्स चिप) लागतो, दिवस लागतात; हे फरक किरकोळ.

गफलत होते ती प्रश्नात. डॉकिंगचा प्रश्न असा: प्रथिनाचा हा आकार बहुतांशी असाच राहिला, तर रेणू कुठे आणि कसा बसेल? सिम्युलेशनचा प्रश्न निराळाच आहे: हे प्रथिन कोणकोणते आकार घेतं, आणि रेणू आल्यावर त्यात काय बदलतं?

इमॅटिनिब बघा. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरवरची ही गोळी 2001 साली अमेरिकेत मंजूर झाली. आज नागपुरातही रुग्ण ती वर्षानुवर्षं घेतात. ती एबल या कायनेजला (पेशीत संदेश पुढे देणाऱ्या प्रथिनाला) घट्ट धरते. सार्क हे त्याचंच भावंड, औषधाची खोबण जवळपास तशीच. स्फटिक-रचनेत इमॅटिनिब सार्कमध्येही जवळपास तसंच बसलेलं दिसतं. तरी तिथली पकड हजारो पटींनी कमकुवत! बसलेल्या रेणूचं चित्र कितीही न्याहाळलं तरी हा फरक त्यात सापडत नाही. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांनी तो प्रथिनाच्या हालचालीत दाखवला: औषध आत आल्यानंतर एबल आकार बदलून त्याला कोंडून धरतं, सार्कमध्ये हा बदल तितका पक्का होत नाही. केरास या कॅन्सरशी निगडित प्रथिनाचंही तसंच. त्याच्या जी12सी या बदललेल्या रूपात औषधाला जागा देणारी खोबण 2013 मध्ये रेणू जोडल्यावरच दिसली, आणि 2021 मध्ये सोटोरासिब हे त्यावरचं औषध आलं. अशा लपलेल्या खोबणी हुडकणं हे सिम्युलेशनचं काम.

आता 100 नॅनोसेकंद म्हणजे किती? दोन फेम्टोसेकंदांचं एक पाऊल धरलं तर 5 कोटी पावलं. पण एका सेकंदात 100 नॅनोसेकंदांचे असे 1 कोटी तुकडे मावतात, आणि चांगलं औषध प्रथिनावर सेकंदच काय, मिनिटंही टिकतं. तेवढ्याशा वेळात कमकुवत रेणूही बऱ्याचदा जागा सोडत नाही. म्हणून आरएमएसडीची (रेणू मूळ जागेपासून किती सरकला या मापाची) सपाट रेघ पाहून ‘बंधन मजबूत’ लिहू नका. रेणू त्या वेळेत उडाला नाही, एवढंच ती रेघ सांगते.

एका लांब धावेपेक्षा अणूंना सुरुवातीला वेगवेगळे वेग देऊन केलेल्या तीन धावा मला कधीही पसंत. औषधाविना नुसतं प्रथिनही तेवढाच वेळ चालवा, आणि औषधामुळे प्रथिनाचा कोणता लूप (लवचीक वळण) थांबला, कोणता सुटला ते लिहा. पकडीची ताकदच हवी असेल तर फ्री एनर्जीची (बंधनाच्या ऊर्जेची) गणना करा, आणि आधी ती गणना ज्याची पकड माहीत आहे अशा औषधावर तपासून घ्या.