नोकरदारांची दैनंदिन हालचाल (मराठवाडा)

कामावर, येण्याजाण्यात, घरकामात आणि फावल्या वेळात मिळून नोकरी करणारा माणूस दिवसभरात जेवढे अंग हलवतो, ती त्याची दैनंदिन शारीरिक हालचाल. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे भरभर चालण्याइतकी मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटे दमवणारी हालचाल हवी.

एकाच छपराखाली किती तफावत असते, ते तहसील कचेरीत दिसते. साहेबांची घंटी वाजली की शिपाई उठतो, फाईल नेतो, सही घेऊन परत आणतो, मध्येच टपरीवर चहा सांगून येतो. अव्वल कारकून मात्र जेवणाच्या सुट्टीपर्यंत खुर्ची सोडत नाही. फायली संगणकावर गेल्या, तशा शिपायाच्याही फेऱ्या घटल्या.

लंडनच्या दुमजली बसमध्ये जिने चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होतो, असे ब्रिटिश संशोधक जेरेमी मॉरिस व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवले. पण १९५६ मध्ये त्यांनीच गणवेशांची मापे पाहिली, तेव्हा तरुण ड्रायव्हरांच्याही विजारींचा घेर जास्त निघाला. म्हणजे फरक निव्वळ कामाने पडला, की मुळात माणसेच वेगळी होती? एसटीत जिना नाही. तरी भरल्या गाडीत मागच्या बाकापर्यंत तिकिटे देत जाणारा कंडक्टर आणि स्टिअरिंगमागचा ड्रायव्हर यांना हाच प्रश्न लागू पडतो.

मराठवाड्याचा खास घटक म्हणजे ‘अप-डाउन’. मुलांच्या शिक्षणासाठी बिऱ्हाड छत्रपती संभाजीनगर, लातूर वा नांदेडला आणि शाळा, तलाठ्याचा सजा किंवा बँकेची शाखा खेड्यात. मुख्यालयी राहण्याचा नियम कागदावर राहतो आणि रोजचे दोन-तीन तास जीपमध्ये नाहीतर एसटीत बसून जातात. पहाटे फिरायला जायची वेळ नेमकी तीच. वाळूज-शेंद्र्याच्या कारखान्यांत पाळी दर आठवड्याला बदलली, की सवय लागायच्या आधीच मोडते. वय, गुडघे, साखर ही कारणे आहेतच. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा दिवस मावळेपर्यंत बाहेर पडवत नाही.

“दिवसभर राबतोच की, वेगळा व्यायाम कशाला?” हे नेहमीचे उत्तर. जालन्याच्या पोलादाच्या रोलिंग मिलमधल्या कामगाराने ते दिले तर त्याला आळशी म्हणता येणार नाही. मात्र विसाव्याशिवाय, उष्णतेत, तासन्‌तास केलेले ओझ्याचे काम हृदयाला फिरण्या-पळण्याइतके लाभत नाही, असे डेन्मार्कच्या आंद्रेयास होल्टरमन यांच्यासारखे संशोधक मांडतात. याला ‘शारीरिक हालचालीचा विरोधाभास’ म्हणतात.

नोकरदार बाईची हालचाल मोजणे सगळ्यात अवघड. काही दिवसांआड नळ येतो, त्या दिवशी ती ड्युटीला निघण्याआधी पिंप, हंडे, बादल्या भरून घेते. पावले मोजणारा मोबाईल तेव्हा ओट्यावर चार्जिंगला असतो, आणि “व्यायाम करता का?” असे विचारले तर ती ‘नाही’ म्हणते.