रिकाम्या घरांची सारणी

सोलापूरच्या पूर्वभागात जेकार्डच्या मागावर चादर विणली जात असताना जरा मान वर करून पाहिले, तर मागाच्या माथ्यावर पुठ्ठ्याच्या पट्ट्यांची माळ हळूहळू फिरताना दिसते. प्रत्येक पट्टीवर भोके पाडलेली असतात. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो, आणि माळेचा एक फेरा पुरा झाला की चादरीवरची नक्षी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. एखादी पट्टी गहाळ झाली, तर कसलेल्या माणसाला साऱ्या पट्ट्या मोजत बसावे लागत नाही. नक्षी कुठे तुटली यावरूनच कोणती पट्टी नाही आणि तिच्यावरची भोके कशी असायला हवीत, हे त्याच्या ध्यानात येते. मूलद्रव्यांची आवर्तसारणी, म्हणजे ठरावीक अंतराने पुन्हा येणाऱ्या गुणधर्मांनुसार लावलेला मूलद्रव्यांचा तक्ता, समजावून सांगताना या माळेइतका चांगला दाखला मला अजून सापडलेला नाही, कारण १८६९ साली रशियन रसायनशास्त्रज्ञ दिमित्री मेंडेलीव्ह यांनी केले ते बरेचसे असेच होते.

त्यांच्या आधीही नक्षीचे तुकडे अनेकांना दिसले होते. जर्मनीच्या डोबेरायनर यांनी १८२९ मध्ये त्रिके मांडली. लिथियम, सोडियम आणि पोटॅशियम हे तिघे गुणधर्मांनी एकमेकांची भावंडे, आणि मधल्या सोडियमचा अणुभार, म्हणजे अणूचे तुलनेने वजन, बाकी दोघांच्या सरासरीइतका. मात्र तेव्हा अणुभारांचाच घोळ होता. कोणी कार्बनचा अणुभार ६ धरी, कोणी १२. हा गोंधळ मिटवण्यासाठी सप्टेंबर १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूह येथे रसायनशास्त्रज्ञांची परिषद भरली आणि तिथे इटलीच्या कानिझारो यांनी अणुभार ठरवण्याची सुसंगत रीत आग्रहाने मांडली. या परिषदेला तरुण मेंडेलीव्ह हजर होते आणि पुढे त्याच वाटेने गेलेले जर्मन शास्त्रज्ञ लोथार मायरही. माझ्या मते आवर्तसारणीचा खरा पाया या परिषदेत घातला गेला, आणि शालेय पुस्तकांत तिला मिळते त्यापेक्षा पुष्कळ अधिक जागा तिला मिळायला हवी.

इंग्लंडच्या न्यूलँड्स यांनी १८६५ मध्ये अष्टकांचा नियम सांगितला. सा रे ग म प ध नि नंतर जसा पुन्हा सा येतो, तसे अणुभाराच्या क्रमाने लावलेल्या मूलद्रव्यांत दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे असते, असा त्यांचा दावा होता. तो कॅल्शियमपर्यंत नीट चालला आणि पुढे कोलमडला. न्यूलँड्स यांनी नक्षीचा घेर सर्वत्र सारखाच धरला होता. प्रत्यक्षात तो वाढत जातो. आज आपण जाणतो की सारणीच्या ओळींत अनुक्रमे २, ८, ८, १८, १८, ३२ आणि ३२ घरे असतात. लंडनच्या केमिकल सोसायटीत एका सभासदाने त्यांना विचारले की, मूलद्रव्ये वर्णानुक्रमे लावून पाहिली आहेत काय. त्यांच्या निबंधाला तेव्हा प्रसिद्धीही मिळाली नाही. पुढे १८८७ मध्ये मानाचे डेव्ही पदक त्यांना मिळाले, हे सांगताना मला नेहमी बरे वाटते.

मेंडेलीव्ह तेव्हा सेंट पीटर्सबर्गला विद्यार्थ्यांसाठी रसायनशास्त्राचे पाठ्यपुस्तक लिहीत होते आणि माहीत असलेली ६३ मूलद्रव्ये कोणत्या क्रमाने शिकवावीत, या अडचणीत होते. त्यांना सारणी स्वप्नात दिसली, अशी कथा सर्वत्र सांगितली जाते. परंतु जुन्या रशियन दिनदर्शिकेप्रमाणे १७ फेब्रुवारी १८६९ रोजी, म्हणजे आपल्या दिनदर्शिकेनुसार १ मार्चला, चीज बनवण्याच्या कारखान्यांच्या पाहणीसंबंधी आलेल्या एका पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर त्यांनी केलेली आकडेमोड आजही उपलब्ध आहे, आणि ती जागेपणी केलेल्या मेहनतीची साक्ष देते. त्या पहिल्याच सारणीत ४५, ६८, ७० आणि १८० या अणुभारांपुढे मूलद्रव्याचे नाव नाही, फक्त प्रश्नचिन्ह आहे.

माझ्या दृष्टीने या चार प्रश्नचिन्हांत मेंडेलीव्ह यांचे मोठेपण आहे. घर रिकामे ठेवायचे आणि तिथे राहायला येणाऱ्याचे वर्णन आधीच लिहून ठेवायचे, याला निराळी छाती लागते. १८७१ मध्ये त्यांनी अशा तीन अज्ञातांचे गुणधर्म तपशीलवार लिहिले आणि त्यांची नावे आपल्या संस्कृतातील ‘एक’ लावून ठेवली: एका-ॲल्युमिनियम, एका-बोरॉन आणि एका-सिलिकॉन.

पहिले घर १८७५ मध्ये भरले. फ्रान्सच्या लकॉक द ब्वाबोद्राँ यांना जस्ताच्या खनिजात गॅलियम, म्हणजेच एका-ॲल्युमिनियम, सापडले. त्यांनी त्याची घनता ४.७ मोजली होती. मेंडेलीव्ह यांनी हा धातू पाहिलेलाही नव्हता, तरी त्यांनी ती ५.९ च्या आसपास असली पाहिजे असे कळवले. शुद्ध नमुना घेऊन पुन्हा मोजली तेव्हा ती ५.९ च भरली. हा धातू कमी तापमानाला वितळेल, असेही त्यांचे भाकीत होते. गॅलियम २९.८ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत ते कपाटातल्या बाटलीत पाऱ्यासारखे पातळ होऊन राहील. १८७९ मध्ये स्कँडियम (एका-बोरॉन) आणि १८८६ मध्ये जर्मेनियम (एका-सिलिकॉन) मिळाले. जर्मेनियमचा अणुभार ७२ सांगितला होता, तो त्याच्या किंचित वर निघाला; त्याचे क्लोराइड १०० अंशांच्या खाली उकळेल असे लिहिले होते, ते ८६ ला उकळले.

पण ज्यांच्यासाठी घरच नव्हते, अशी मूलद्रव्येही पुढे आली, आणि त्यांतल्या एकाचा माग आपल्या भागातून जातो. १८ ऑगस्ट १८६८ चे खग्रास सूर्यग्रहण सोलापूरपासून सुमारे १०० किलोमीटरवरच्या विजापुरातून दिसले. तिथे कॅप्टन हेग यांनी सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात, म्हणजे त्यांच्या प्रकाशाच्या सुट्या केलेल्या रंगांत, एक तांबूस आणि एक फिकट सोनेरी पट्टा पाहिला. जमखंडी आणि गुंटूर येथूनही अशी निरीक्षणे झाली. ती पिवळी रेषा सोडियमची असावी असे वाटण्यासारखे होते. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये इंग्लंडमधून लॉकियर यांनी ती सोडियमच्या रेषांपासून थोडी बाजूला असल्याचे दाखवले आणि तिच्यामागच्या अनोळखी मूलद्रव्यासाठी हेलियम हे नाव पुढे आले. पृथ्वीवर हेलियम मिळायला १८९५ साल उजाडले. रॅमझी यांनी ते युरेनियमच्या खनिजातून मिळवले. आदल्याच वर्षी रॅली आणि रॅमझी यांना हवेत आरगॉन सापडला होता. मेंडेलीव्ह यांना तो सहजी पटला नाही. तो नायट्रोजनचाच तीन अणूंचा रेणू असावा, अशी त्यांची शंका होती. अखेर हेलियम, आरगॉन अशा, सहसा कशाशीही संयोग न पावणाऱ्या या राजवायूंसाठी सारणीला अख्खा नवा स्तंभ जोडावा लागला आणि मूळ नक्षी तरीही विसकटली नाही.

एक गाठ मात्र सुटत नव्हती. टेल्युरियमचा अणुभार १२७.६ आणि आयोडिनचा १२६.९ असूनही मेंडेलीव्ह यांनी टेल्युरियम आधी ठेवले, कारण आयोडिनचे गुणधर्म क्लोरीन आणि ब्रोमीन यांच्याशी जुळतात. टेल्युरियमचा अणुभार चुकीचा मोजला गेला असावा, असे त्यांनी मानले. तो चुकलेला नव्हता. जागा बरोबर होती, पण त्यांनी दिलेले कारण चुकले होते. खरे कारण १९१३ मध्ये हेन्री मोस्ले यांनी शोधले. निरनिराळ्या मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारिता मोजल्यावर तिचे वर्गमूळ एकेका पायरीने चढत जाते, असे त्यांना दिसले. ही पायरी म्हणजे अणुअंक, अर्थात अणुकेंद्रकातील प्रोटॉनांची संख्या. टेल्युरियम ५२ वे आणि आयोडिन ५३ वे. वजन काहीही असो. मोस्ले १० ऑगस्ट १९१५ रोजी गॅलिपोलीच्या रणांगणावर मारले गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे २७ वर्षांचे होते.

त्यांच्या पायऱ्यांमुळे उरलेली रिकामी घरे प्रथमच मोजून सांगता आली. त्यांत ४३ वे घर होते, मेंडेलीव्ह यांनी मँगनीजच्या खाली सोडलेले. ते १९३७ मध्ये भरले. अमेरिकेतील बर्कली येथील सायक्लोट्रॉनमधून, म्हणजे अणूंचे कण प्रचंड वेगाने फिरवणाऱ्या यंत्रातून, निघालेला मॉलिब्डेनमचा पत्रा इटलीत पालेर्मोला पाठवला गेला आणि तिथे सेग्रे व पेरिए यांनी त्यातून हे मूलद्रव्य वेगळे काढले. त्याचे एकही स्थिर समस्थानिक नाही, म्हणजे त्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंपैकी एकही कायम टिकत नाही. म्हणून खनिजांत शोधणाऱ्यांच्या हाती ते लागले नव्हते, आणि म्हणूनच ‘कृत्रिम’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला टेक्नेशियम हे नाव मिळाले.