काकू कल्ले बघते तेव्हा

बडोद्यात येऊन आम्हाला चार पिढ्या झाल्या, समुद्र इथून लांब, तरी दांडिया बाजारातल्या घरचा रविवार मासळीशिवाय जात नाही. वेरावळहून बर्फात आलेल्या माशाचे कल्ले उचलून, लालभडक आहेत ना हे बघितल्याशिवाय काकू पैसे काढत नाही. मासळीवाला वैतागतो, "बेन, बरफ तो जुओ!"

बरोबरच आहे त्याचं. थंडीत जिवाणू मंदावतात, माशाच्या अंगातल्या रासायनिक क्रियाही मंदावतात, म्हणून मासा टिकतो. हाच नियम उलटा फिरला, म्हणजे समुद्राचं पाणी तापलं, की जिवंत माशाला छळतो. आपलं अंग 37 अंशांवर राहतं. बहुतेक माशांचं मात्र पाणी जेवढं तापेल तेवढं तापतं. ढोबळमानाने 10 अंशांच्या वाढीला शरीराचा खर्च दुप्पट. भूक वाढते, प्राणवायू जास्त लागतो, आणि नेमका तोच कमी पडतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात 10 अंशांना साधारण 9 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, 30 अंशांना जेमतेम 6. काकू बघते त्याच कल्ल्यांना एवढ्यावर भागवायचं असतं.

अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात 2018-19 मध्ये पाणी नेहमीपेक्षा तापलं आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत 10 अब्जांहून अधिक स्नो क्रॅब नाहीसे झाले. हे खेकडे गरम पाण्याने भाजून मेले नाहीत. पाणी शून्यावरून 3 अंशांवर गेलं तरी त्यांची अन्नाची गरज जवळपास दुप्पट होते. खाणारी तोंडं आधीच फार होती, बहुतेक उपाशीच मेले असावेत. 2022 मध्ये तिथली स्नो क्रॅबची मासेमारीच रद्द करावी लागली.

पोहणारे निदान जागा बदलू शकतात. कालवं खडकाला चिकटलेली, ती कुठे जाणार?

आपल्याकडची तारली पाण्याइतकीच अन्नावर अवलंबून. पावसाळ्यात केरळच्या किनाऱ्याला खालचं गार, सकस पाणी वर येतं, त्यावर प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, वाढतं आणि ते खायला तारली जमते. तिथे 2012 मध्ये ती जवळजवळ 4 लाख टन मिळाली, 2021 मध्ये साडेतीन हजार टनही नाही. सगळं खापर उन्हावर फोडू नये. लहान मासळी जाळ्यात ओढणारेही आहेतच.

बांगडा मात्र पूर्वी मुख्यतः दक्षिणेकडचा, तो आता गुजरातच्या किनाऱ्यालाही लागतो. काकूच्या लहानपणी मालवणहून सुका यायचा. या रविवारी पेटीत ताजा होता. तिने कल्ले बघितले आणि घासाघीस न करता सहा घेतले.