गटारी, श्रावण आणि बहिष्काराचं गणित

‘अमुक तारखेला कुणीही पेट्रोल भरू नका, कंपन्या ताळ्यावर येतील’ असा संदेश अधूनमधून मोबाइलवर फिरतो. त्या दिवशी पंप ओस पडले तरी कंपनीचं काही बिघडत नाही, कारण गाड्या चालायच्या थांबत नाहीत. टाकी आदल्या दिवशी भरते, नाहीतर दुसऱ्या. खरेदी पुढे-मागे सरकते, घटत नाही. कोकणात हे समजावून सांगावं लागू नये. गटारीला मासळीवर तुटून पडणारी घरं श्रावण लागला की बाजाराकडे फिरकत नाहीत. पण श्रावण महिनाभर चालतो आणि मासळी टिकत नाही, म्हणून भाव उतरतो.

बहिष्कार नेमका कुठे टोचतो? समजा, मालवणातल्या एका खानावळीत थाळी ४०० रुपयांना आहे. मासळी, नारळ, तांदूळ, तेल, गॅस मिळून थाळीमागे २४० रुपये जातात, हाती राहतात १६०. भाडं, आचारी-वाढप्यांचे पगार, वीज, कर्जाचा हप्ता हा रोजचा ८,००० रुपयांचा खर्च गिऱ्हाईक येवो न येवो, चुकत नाही. म्हणजे पन्नास थाळ्यांना बरोबरी. रोज ७० खपत असतील तर नफा ३,२०० रुपये. यातल्या सात थाळ्या कमी झाल्या, म्हणजे विक्री १० टक्के घटली, तर नफा ३५ टक्के घटतो. वीस कमी झाल्या की शून्य. विक्री बुडवायची गरजच नसते, वरचा थर खरवडला की पुरे. स्थिर खर्च जितका जास्त, तितका घाव खोल.

हेच गणित मोठ्या कंपनीला लावा. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गाची लोकसंख्या साडेआठ लाखांच्या आत होती, देशाची १२१ कोटी. देशभर सारख्या खपणाऱ्या साबणावर अख्ख्या जिल्ह्याने पाणी सोडलं, तरी घट दहा हजारांत सातची. मरतो तो माल आधीच उचलून बसलेला कुडाळचा वितरक आणि त्याच्याकडचा टेम्पोवाला.

आता मुख्य प्रश्न. सगळे चिडलेले असतात, तरी बहुतेक बहिष्कार पहिल्या आठवड्यातच का विरतात? अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७८ मध्ये सामूहिक कृतीचं एक देखणं प्रारूप मांडलं, ते इथे चपखल बसतं. प्रत्येकाचा एक उंबरठा असतो: आधी किती जण उतरले म्हणजे मी उतरेन. शंभर घरांची वाडी घ्या. पहिल्या घराचा उंबरठा शून्य, दुसऱ्याचा एक, तिसऱ्याचा दोन, असं करत शेवटच्याचा ९९. पहिलं घर एकट्याने खरेदी थांबवतं, ते पाहून दुसरं, मग तिसरं. शंभरही घरं सामील होतात. आता फक्त दुसऱ्या घराचा उंबरठा एकाऐवजी दोन करा. पहिलं घर थांबतं आणि दुसरं कुणीच हलत नाही, कारण एकाला पाहून उतरणारं घरच उरलं नाही. सरासरी उंबरठा ४९.५ वरून ४९.५१ वर गेला, निकाल शंभरावरून एकावर आला.

उंबरठे घंटाकृती वक्रात पसरलेले असले, म्हणजे बहुतेकांचे सरासरीच्या आसपास आणि दोन्ही टोकांना मोजक्यांचे, तर आणखी गंमत. सरासरी २५ धरली, तर प्रमाण विचलन (उंबरठे सरासरीपासून किती विखुरलेत याचं माप) साधारण १२.२ च्या खाली असेपर्यंत गाडं फार तर सहा जणांवर अडतं, त्यापुढे गेलं की एकदम शंभराच्या जवळ उडी मारतं. साखळी सुरू करते ती वक्राची डावी शेपटी, म्हणजे सगळ्यात कमी उंबरठ्याची मोजकी माणसं, सरासरी नव्हे. तेव्हा ‘साठ टक्के लोक संतप्त’ असल्या मथळ्यांवरून बहिष्काराचं भवितव्य सांगणं हे पोपटाकडून पान काढून घेण्यापेक्षा फारसं शास्त्रीय नाही.

शिवाय, दुसरा उतरला आहे हे दिसावं लागतं. अमेरिकेतल्या मॉन्टगोमेरी शहरातला, वर्णभेदाविरुद्धचा बस बहिष्कार डिसेंबर १९५५ पासून ३८१ दिवस टिकला. प्रवाशांत सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते, पर्यायी मोटारींची व्यवस्था लावलेली होती, आणि रिकामी बस साऱ्या गावाला दिसत होती. पिशवीतला साबण कुणाला दिसतो? तरी तिथेही बसमधला वर्णभेद अखेर संपला तो न्यायालयाच्या निकालाने.

उंबरठा खाली आणायचा एक ओंगळ मार्ग गावकीला ठाऊक आहे: देवळात नारळ ठेवून शपथ घालायची, मोडणाऱ्यावर देवाचा कोप. कोप-बिप होत नाही, होतो तो शेजाऱ्यांचा जाच. दुकानातून माल न घेणं हा ग्राहकाचा हक्क. दुकानदाराला वाळीत टाकून त्याच्या घरचं लग्न-मर्तिक तोडणं हा महाराष्ट्रात २०१६ च्या कायद्याने गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

परिणामकारक म्हणजे न्याय्य, असंही नाही. १९९५ मध्ये ब्रेंट स्पार ही तेलसाठ्याची टाकी समुद्रात बुडवण्याचा बेत शेल कंपनीने युरोपातल्या बहिष्कारापुढे सोडला. टाकीत ५,५०० टन तेल उरल्याचा, या बेताविरुद्ध मोहीम चालवणाऱ्या ग्रीनपीस या पर्यावरणवादी संघटनेचा अंदाज मात्र चुकीचा होता. संघटनेने त्याबद्दल माफी मागितली, पण तोवर जर्मनीतल्या पंपचालकांचा धंदा बसून झाला होता.

म्हणून मागणी एका ओळीत मावणारी हवी, आणि ज्याच्यावर घाव पडतो त्याच्या हातात ती पुरी करणं असावं. हापूसचं पाहा. कोकणातल्या पाच जिल्ह्यांच्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. परजिल्ह्यातला आंबा देवगडच्या नावाने खपवणाऱ्या व्यापाऱ्याकडे मागायचं ते एवढंच: पेटीवर बागायतदाराचा नोंदणी क्रमांक. क्रमांक दिसला त्या दिवशी बहिष्कार उठला, हेही आधीच जाहीर करावं. आणि सुरुवात एप्रिलमध्ये करावी, अढीतला माल पिकत आलेला असताना, कारण तेव्हा थांबणं व्यापाऱ्याला परवडत नाही. मिरगाचा पाऊस पडल्यावर केलेल्या बहिष्काराने त्याचं काय जाणार? पेट्या तोवर विकून झालेल्या असतात.