पिस्तोइयाचं ते दवाखान्यावरचं शिल्प देला रोब्बियाचं नाहीये!

इटलीतल्या पिस्तोइयाला ओस्पेदाले देल चेप्पो म्हणून जुन्या हॉस्पिटलची इमारत आहे (हॉस्पिटल 2013 पर्यंत चालू होतं), तिच्या व्हरांड्याच्या कमानींवर रंगीत शिल्पांचा लांब पट्टा आहे, आणि फोटो टाकला की कॅप्शन ठरलेली, "देला रोब्बियाची कमाल" (देला रोब्बिया म्हणजे फ्लोरेन्सचं प्रसिद्ध शिल्पकार घराणं). नाही हो. कमानींच्या मधले गोल, म्हणजे मेरीच्या आयुष्यातले प्रसंग वगैरे, ते जोव्हान्नी देला रोब्बियाचे, पण वरचा मेन पट्टा सान्ती बुल्योनीचा, साधारण 1526 ते 1528 मधला. घोटाळा का झाला तेही कळतं म्हणा, भाजलेल्या मातीवर चकचकीत ग्लेझ म्हटलं की देला रोब्बियाच आठवतात, पण बुल्योनींच्या वर्कशॉपलाही ती विद्या येत होती. सोळाव्या शतकात कलाकारांची चरित्रं लिहिणारा वासारी तर सांगतो की ते सीक्रेट देला रोब्बियांच्या घरातल्या एका बाईकडून बाहेर पडलं. खरं-खोटं तोच जाणे.

पट्ट्यावर ख्रिस्ती धर्मातली दयेची सात कामं आहेत, उघड्याला कपडा, वाटसरूला आसरा, आजाऱ्याची आणि कैद्याची विचारपूस, मेलेल्याला माती, भुकेल्याला अन्न, तहानलेल्याला पाणी. हॉस्पिटलचा प्रमुख लिओनार्दो बुओनाफेदे, ज्याने हे करून घेतलं, तो स्वतःच या प्रसंगांत दिसतो. दान करा आणि दिसा पण, हे तेव्हाही होतं!

आणि सातवा, पाण्याचा पॅनल बुल्योनीचाही नाही, तो फिलिप्पो पालादिनीने 1580 च्या दशकात केला, म्हणून तर बाकीचे चकाकतात आणि हा मात्र फिका वाटतो.