ओल्या फांदीची करवत वेगळी असते

इंदूरच्या सियागंजातल्या हार्डवेअरच्या दुकानात नुसतं ‘आरी द्या’ म्हटलं, तर सुताराची करवत किंवा लोखंड कापायचा हॅक्सॉ हातात पडण्याची शक्यता जास्त. फांदी त्यानेही तुटते, नाही असं नाही. पण रामबागेतल्या एखाद्या जुन्या घरामागचा आंबा किंवा शेवगा त्याने कापायला घेतला की थोड्या वेळात पातं जड होतं आणि मग जागेवरच अडकतं. आपण दोष धारेला देतो. खरं कारण असतं पाणी.

सुताराकडे येतं ते लाकूड वाळलेलं असतं. जिवंत फांदीतल्या पाण्याचं वजन मात्र बऱ्याचदा कोरड्या लाकडाच्या जवळपास बरोबरीचं, काही झाडांत त्याहूनही जास्त भरतं. त्यामुळे भुसा सुटा गळून पडत नाही. ओला लगदा होऊन दातांमधल्या फटींत बसतो. हॅक्सॉच्या पात्याला इंचाला 18 ते 32 दात असतात. एवढ्याशा फटी लगेच भरतात, दात लाकडाला नीट टेकत नाहीत आणि पातं नुसतं घासत राहतं. छाटणीच्या करवतीला इंचाला साधारण 6 ते 8 दात पुरतात. फट मोठी, म्हणून भुसा दर ओढीला बाहेर पडतो. पेरू-डाळिंबाच्या बोटभर जाड फांद्यांना थोडे बारीक दात घ्यावेत, काप साफ येतो.

दुसरी गोष्ट दात कुठल्या दिशेला झुकलेत ही. सुताराची नेहमीची करवत पुढे ढकलताना कापते, छाटणीची चांगली करवत ओढताना. कागदाची लांब पट्टी टोकाला धरून ढकला, ती वाकते. ओढा, ती सरळ राहते. पात्याचंही तेच. ढकलताना वाकू नये म्हणून पातं जाड ठेवावं लागतं, आणि जाड पातं म्हणजे रुंद चीर, जास्त भुसा, जास्त दमणूक. ओढून कापणारं पातं पातळ चालतं. शिवाय डोक्यावरची फांदी कापताना हाताचं वजन आपोआप खाली ओढतं. तिथे वक्र पातं घ्यावं, कारण त्या वळणामुळे ओढताना दात लाकडात रुततात. छातीच्या उंचीच्या फांदीला सरळ पातंच बरं, काप हवा तिथे धरता येतो. पात्याची लांबी फांदीच्या जाडीच्या निदान दुप्पट हवी, नाहीतर भुसा बाहेर यायला जागाच मिळत नाही.

धनुष्यासारखी चौकटीची करवत जाड ओंडक्याला छान, पण दाट बेचक्यात ती शिरत नाही; घरच्या बागेला मी ती सुचवणार नाही. जास्वंद, मधुमालती यांच्या दोन सेंटीमीटरपर्यंतच्या काड्यांना करवत लागतच नाही, छाटणीची कात्री पुरे. आणि लांब दांड्याची करवत विजेच्या तारांजवळ अजिबात उचलू नये.

काप इतका नेटका कशाला हवा? झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. अॅलेक्स शिगो या अमेरिकी वनशास्त्रज्ञाने हजारो खोडं उभी चिरून पाहिली आणि 1977 साली सहकाऱ्यासोबत दाखवून दिलं, की झाड सडका भाग दुरुस्त करत नाही. त्याभोवती रासायनिक भिंती उभारून तो कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. फांदी खोडाला मिळते तिथे सुरकुतलेला फुगवटा दिसतो. या बचावाची मुख्य जागा तीच. काप फुगवट्याला लागून, त्याच्या जरासा बाहेर हवा. खोडाशी सपाट कापलं तर ती भिंतच कापली जाते; वीतभर खुंट सोडला तर तो वाळून कुजतो. वरून डांबर किंवा ऑइल पेंट फासल्याने कुज थांबत नाही.

जड फांदी लवलेली असते: वरून ताणलेली, खालून दाबलेली. नुसती वरून कापली तर कोसळताना खोडाची साल सोलून नेते. म्हणून फुगवट्यापासून हातभर अंतरावर आधी खालून पाव जाडीइतकी खाच घ्यावी. जास्त खोल गेलात तर पातं दाबलं जाऊन अडकेल. मग थोडं पुढे वरून कापून फांदी पाडावी आणि उरलेला खुंट फुगवट्याशी उतरवावा.

लिंबावर खैऱ्या रोग असेल तर दर झाडानंतर पातं स्पिरिटने पुसा, जिवाणू हत्याराबरोबर फिरतात. घरी ठेवताना चीक काढून तेलाचा हात फिरवला की झालं. दातांची टोकं काळपट-निळसर असतील तर ती विजेने क्षणात तापवून कठीण केलेली असतात. साध्या कानशीने त्यांना धार लावता येत नाही; बोथट झाली की पातंच बदलायचं, म्हणून सुटं पातं मिळतं का हे दुकानातच विचारा.